धुऱ्यावरची बोर

१५ जानेवारी २०२४, संक्रांत

या झाडाची आई कोण आणि बाप कोण? खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

प्रश्न व्यंकटरावांनी विचारला. सकाळी मी वाणासाठी बोरं वेचायला धुऱ्यावर गेले, तर ते माझ्याआधीच तिथे. धुऱ्याच्या अलीकडे आमचा माळ, पलीकडे त्यांची कलमी बोरांची बाग आणि त्यांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर. मधोमध ही एकच बोर. व्यंकटराव वाकून खाली पडलेली बोरं रुमालात गोळा करत होते. मला बघून म्हणाले, "काय गं सटवाजीच्या पोरी, तू झाडांचं शिकलीस म्हनं. मंग सांग बरं, या झाडाची माय कोन अन् बाप कोन?"

"सांगते की," मी म्हणाले आणि बोरं वेचायला वाकले. तीन वर्षं वनस्पतिशास्त्र शिकले, डिग्री घेतली, आणि घरासमोरच्या झाडाचे आईबाप मला सांगता येत नाहीत.

माळावरची रानबोरं वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, आंबट-तुरट. बागेतली कलमी बोरं लांबट, पिवळी, गोड पण पाणचट, चार दिवसांत मऊ पडतात. या झाडाची बोरं सुपारीहून मोठी आणि लालबुंद. आधी गोड लागतात, मग जिभेच्या कडेला आंबट लागतं आणि लगेच दुसरं खावंसं वाटतं. टोपलीत दोन आठवडे ठेवली तरी कडक. असं बोर मी वालूरच्या बाजारात पाहिलं नाही, मानवतच्याही नाही.

वडिलांना, म्हणजे आबांना, विचारलं, तर त्यांचं उत्तर तयार होतं. पूर्वी आमचा मेंढवाडा धुऱ्याला लागून होता. एकदा शेळ्या व्यंकटरावांच्या बागेत घुसल्या. तेव्हा व्यंकटराव काठी घेऊन आमच्या दारात आले होते, ते मला लहानपणीचं आठवतं. शेळी बोर खाते ती बीसकट, आणि रात्री रवंथ करताना बी थुंकून टाकते. त्यातली एक रुजली, असं आबांचं म्हणणं. "शेरडानं त्यांच्या बागंत खाल्लं, आपल्या वाड्यात थुकलं. झाड आपलं!"

पण शेळीनं माळावरचं रानबोर खाल्लं असेल, आणि त्या फुलाला बागेतला पराग माशीनं आणला असेल, तर? मग आई आमच्याकडची आणि बाप त्यांच्याकडचा. उलटही असू शकेल.

एक मात्र लिहून ठेवते. व्यंकटराव रोज सकाळी येऊन बोरं नेतात. माझ्या मते ते झाडावर कब्जा दाखवायलेत. माय म्हणाली, "येवढी बोरं येकटा मानूस खाईल का? डोकं चालव जरा." मायला जमिनीच्या भानगडी कळत नाहीत.

१९ जानेवारी

परभणीला कॉलेजात जाऊन आले. सरांनी एक बोर खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं कापून भिंगाखाली धरलं. फांदीवरचे काटे मोजले, पानाची मागची बाजू पाहिली. म्हणाले, "नैसर्गिक संकर दिसतो. रानातला आणि बागेतला. राजेश्री, असं झाड पुन्हा घडवीन म्हटलं तरी घडत नाही."

परतीच्या बसमध्ये मला बसवेना. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारीसुद्धा मी पहिलीच, आणि माझ्या झाडाला सरांनी भिंग लावलं!

सरांनी एक बजावलं. बी लावू नकोस. बीपासून हेच झाड येत नाही, दरवेळी वेगळं येतं. हेच झाड हवं असेल तर याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची कळी, सालीसकट काढायचा आणि रानबोरीच्या खुंटावर भरायचा. मुळं रानाची, वरचं झाड याचं. पावसाळ्यात साल सुटते तेव्हा.

रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिलं: 'राजेश्री बोर'. लगेच खोडलं. पण वाचता येईल इतपतच खोडलं.

८ फेब्रुवारी

वाईट दिवस. गावानं पांदण रस्ता मंजूर करून आणला आहे. गावापासून आखाड्यांपर्यंत, आमच्या धुऱ्यावरून. पंडितभाऊ सरपंच स्वतः दोरी घेऊन आले होते. धुऱ्यावरच्या झाडांना चुन्याचे पट्टे मारत गेले. बोरीला मारलेला पट्टा बरोबर माझ्या छातीच्या उंचीवर आहे. पुढच्या हिवाळ्यात काम लागेल.

मी म्हणाले, हे झाड साधं नाही. पंडितभाऊ म्हणाले, "ताई, प्रत्येकाचं झाड सोन्याचंच ऱ्हाते, रस्ता निघाला की."

सगळ्यात जास्त राग आबांचा आला. त्यांना रस्ता हवाच आहे. "पावसाळ्यात गाभन शेळी अडली तर डॉक्टर गुडघाभर चिखलातून येतो का? न्हाई येत." मी जेवले नाही. माय म्हणाली, "जेव. उपाशी ऱ्हाऊन रस्ता वाकडा होत नसतो."

म्हणजे माझ्या हातात एक पावसाळा आहे. तेवढ्या वेळात या झाडाचे डोळे दुसरीकडे जगले तर झाड जगलं. नाही जगले तर जेसीबीच्या एका धक्क्यात संपलं, आणि त्याच्यासारखं जगात दुसरं नाही.

११ मार्च

खुंटांसाठी रानबोराच्या बिया हव्या होत्या. मी माळावर वेचत बसणार होते, पण मायनं मेंढवाडा झाडताना अर्धं घमेलं भरून बिया दिल्या. शेळ्यांनी गर खाऊन स्वच्छ करून थुंकलेल्या. बियाण्याचा असा पुरवठा कोणत्या रोपवाटिकेला आहे?

पिशव्यांत माती आणि लेंडीखत भरून बिया लावल्या. शेजारच्या नर्मदाबाई मावशी येऊन कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. "आमची सून म्हनती राजीला नोकरी लागनार. अन् हितं पाहावं तर राजी बोरीचं बाळंतपन करायली!"

"मावशी, बारशाला या," मी म्हणाले.

"येते की. नाव काय ठिवनार?"

मी सांगितलं नाही.

१७ एप्रिल

आज बोरीची छाटणी. आता छाटली म्हणजे पावसाळ्यात नव्या कोवळ्या काड्या फुटतील, त्यांवरचे डोळे भरायला चांगले. आबा झाडावर, मी खाली, आणि शेळ्या माझ्या पायाशी. पाला जमिनीला लागायच्या आत संपत होता.

व्यंकटराव बागेतून आले. पडलेली एक फांदी उचलून बघितली. मग म्हणाले, "समद्या फांद्या नको तोडूस, पोरी. यंदा बी बोरं यायला पायजेत."

"काका, छाटलं की जास्तच येतात. तुमच्या बागेत छाटताच की."

"त्ये बागेतलं येगळं," म्हणाले. "ह्या झाडाची यायला पायजेत."

हिस्सा मागायला आतापासून सुरुवात. मी फांद्या ओढत राहिले. आबा वरून म्हणाले, "येतील मालक. तुमची फांदी ठिवतो बगा." आणि बागेकडची एक मोठी फांदी खरंच ठेवली. आबा या माणसाला इतके का भितात कळत नाही.

१२ जुलै

भरले! चाळीसेक खुंटांवर डोळे भरले. पेन्सिलीएवढ्या जाड खुंटाच्या सालीला काप द्यायचा, साल हलकेच उचलायची, आत डोळा सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. डोळा तेवढा उघडा. पहिले पाच-सहा माझ्या हातानं बिघडले. मग हात बसला. शेवटी शेवटी तर मी बोलत बोलत भरत होते.

आबा मेंढरं न्यायची सोडून उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "राजी, ह्ये तर आपल्यावानीच हाय. मेलेल्या शेळीचं पिलू दुसरीच्या कासंला लावतो तसं." मी म्हणाले, बरोबर तसंच.

५ ऑगस्ट

बहुतेक डोळे हिरवे आहेत, फुगलेत, काहींना कोंब आला आहे. खुंटांचे शेंडे छाटून टाकले, म्हणजे जोर डोळ्यात जाईल. उद्या मी नांदेडला मावशीकडे जाणार. भरती परीक्षा आहे, त्याआधी दोन आठवडे तिथेच क्लास. जायची इच्छा नाही, पण फॉर्म भरताना आबा इतके खूश होते की नाही म्हणवलं नाही.

आबांना सगळं समजावलं. पाणी किती, ऊन किती. खुंटाला इकडून तिकडून फुटवे येतील, तर एकच कोंब ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचे. आबांनी मान डोलावली. मेंढरांत ज्यांचा जन्म गेला त्यांना पिल्लं सांभाळायला काय शिकवायचं?

२१ ऑगस्ट

लिहवत नाही. तरी लिहिते.

दुपारी पोचले. आबा फाटकाशीच उभे. पाणी विचारलं नाही, पिशवी घेतली नाही. "आधी चल. तुझी पोरं बघ."

रोपं माझ्या गुडघ्याच्या वर गेली होती. हिरवीगार, टवटवीत, पिशव्यांतून उसळलेली. आबांचा चेहरा मी डिग्रीच्या दिवशी पाहिला होता तसा.

पहिल्या रोपाशीच मला कळलं. काटे. जोडीजोडीनं, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. गोल बारीक पानं. रानबोर. दुसरं रोप पाहिलं, तिसरं पाहिलं. प्रत्येकावर पट्टी जागेवर होती, आणि पट्टीतल्या डोळ्याचा कोंब खुडलेला.

"आबा, हितला कोंब कुठं गेला?"

"त्यो व्हय? लय मरतुकडा होता. खालून आलेला कसा जोरदार, बघ की! तूच म्हनलीस न्हवं, येकच ठिवा. शेळीला दोन झाले अन् दूध येकापुरतं असलं तर आपन काय करतो? जोमदाराला पाजतो. मरतुकड्याच्या नादी लागलं की दोन्ही जातेत."

मी म्हणाले, "छान झालीत, आबा." आणि मेंढवाड्याच्या मागे जाऊन रडले.

एकच ठेवा म्हणाले होते. कोणता ते सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, ते कोणालाही कळेल.

२२ ऑगस्ट

आज आबांनी मेंढरं सोडली नाहीत. मायनं त्यांना सांगितलं असणार. मी चहा घेऊन गेले, तर रोपांसमोर बसून होते.

"मी तुझं वाटोळं केलं का?"

मी सगळं पुन्हा सांगितलं. खालचा कोंब रानाचा, वरचा त्या बोरीचा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझ्या कळपात दुसऱ्याचं कोकरू घुसलं तर मी शंभरातून काढतो. कारन आपल्या कोकराला गेरूचा ठिपका असतो. तुझ्या डोळ्याला ठिपका कुठं होता?"

खरंच नव्हता.

रोपं उपटून टाकावीत म्हणून मी एकाला हात घातला. काटा बोटात घुसला. बोट चोखत त्या खोडाकडे बघत राहिले आणि एकदम लक्षात आलं. हे जाड, रसरशीत, साल सुटणारं खोड! जुलैत माझ्याकडे जे खुंट होते त्यांच्यापेक्षा हे कितीतरी चांगले. आबांनी माझी कलमं मारली, पण त्यांच्याच हातानं खुंट पोसून ठेवले. बोरीवर काड्या अजून आहेत. सरांना फोन लावला. म्हणाले, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत साल सुटेल, त्यानंतर नाही. शिवाय माळावरच्या जुन्या रानबोरी आहेत. त्यांच्या बुडाला नवे फुटवे आलेत, त्यांवरही जागच्या जागी भरता येईल.

"आबा, मेंढरं सोडा," मी म्हणाले. "आणि येताना गेरू आणा."

३ सप्टेंबर

काल पोळा होता आणि आभाळ फाटलं होतं. तीन दिवस पाऊस. ओढा धुऱ्यापर्यंत आला, काही पिशव्या वाहून गेल्या. पण लिहायचं ते वेगळंच आहे.

काल दुपारी व्यंकटराव चिंब भिजून दारात उभे राहिले. मागच्या वर्षी पडल्यापासून त्यांच्या पत्नी सुमनबाई काकू आखाड्यावर अंथरुणालाच आहेत, एवढं मला माहीत होतं. काल त्यांना दम लागला. गाडी वालूरच्या रस्त्यावर येऊन थांबलेली, आणि आखाड्यापासून रस्त्यापर्यंत नुसता चिखल. आबा एक शब्द न बोलता उठले. बाज उचलली चौघांनी, एका पायाला आबा, एका पायाला व्यंकटराव, उरलेल्या दोन पायांना त्यांचे गडी. मी आणि माय दोन्ही बाजूंनी ताडपत्री धरून. मांडीपर्यंत पाय जात होते. एकदा आबांचा पाय फसला तेव्हा बाज कलली. काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात वाळक्या काडीसारखा लागला.

दम घ्यायला बोरीखाली थांबलो. ताडपत्रीवर बारीक हिरवट-पिवळी फुलं पडत होती. काकूंनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "फुलली का गं?"

"फुलली, काकू."

"मंग येतील," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

दुखण्यात माणूस काहीबाही विचारतं. मायनं मात्र व्यंकटरावांकडे पाहिलं, आणि ते दुसरीकडे बघायला लागले.

गाडी गेल्यावर आबा चिखलातच बसले. "अर्धा कोस बी न्हाई," म्हणाले, "अन् बघ किती येळ लागला." मला उद्देशून म्हणाले नाहीत. पण मी ऐकलं.

काकू आता बऱ्या आहेत असा निरोप आला.

११ सप्टेंबर

गेले पाच दिवस दुसरं काही केलं नाही. उरलेल्या पिशव्यांत आणि माळावरच्या रानबोरींवर, जिथे जिथे पेन्सिलीएवढा फुटवा दिसला तिथे डोळा भरला. काट्यांनी हात सोलून निघाले आहेत. माय म्हणते, "डिग्रीवाल्या पोरीचे हात बघा, मांजरीच्या भांडनात पडल्यावानी."

आबा माझ्या मागून चालतात. त्यांनी आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीचे धागे गेरूत बुडवून वाळवले आहेत. मी पट्टी बांधली की ते पट्टीच्या वरच्या अंगाला एक लाल धागा सैल अडकवतात आणि दरवेळी म्हणतात, "ह्यो आपला."

माळावर आता कुठेही बघितलं तरी लाल ठिपके.

१० ऑक्टोबर

फुटले. सगळे नाहीत, पण निम्म्याहून जास्त. लाल धाग्याखालून निघालेला कोंब, पान जरा लांबट, मागून पांढुरकं, काटे विरळ. आबा रोज पहाटे कळप मोजतात तशी फेरी मारतात. खालचा रानकोंब दिसला की खुडून शेळीला. आज एका धनगर पाहुण्याला शिकवत होते, "जोमदार दिसला म्हनून ठिवायचा न्हाई, पाव्हनं. आपला कोन्ता ते आधी बघायचं." माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. मला वाटतं, माझ्या डिग्रीची तसबीर त्यांनी खंडोबाशेजारी लावली, त्या दिवसापेक्षा मला आज जास्त बरं वाटलं.

परीक्षेचा निकाल लागला. यादीत नाव नाही. आबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, थंडीत कोन बघनार होतं ह्यास्नी?" आणि झाडांकडे हात केला.

२६ डिसेंबर

आज ग्रामसभा. रस्त्याचं काम जानेवारीत लागणार. पंडितभाऊंनी विचारलं, कोणाची काही हरकत?

मी बोलायच्या आधी व्यंकटराव उठले. म्हणाले, "त्या बोरीपाशी रस्ता माझ्या बागंकडून वळवा. माझी येक वळ काढा, पर झाड ऱ्हाऊ द्या."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. माझीही. इतके दिवस मला वाटत होतं, या माणसाला झाड स्वतःच्या हद्दीत ओढायचं आहे. आणि हा माणूस स्वतःची फळावर आलेली ओळ द्यायला उभा आहे! का ते कळलं नाही. पण खरं सांगते, मला आनंदच झाला. झाड राहत होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

पंडितभाऊ म्हणाले, "राव, तितं वळवला की रस्ता ओढ्याच्या काठानं जातो. दर पावसाळ्यात खचनार. गाडी तितंच अडकनार. तरी तुमी अन् सटवाजी म्हनत असाल तर वळवू."

मला कललेली बाज दिसली आणि मनगटावरची ती काडीसारखी बोटं.

मी उठले. आमच्या घरातली बाई सभेत कधी बोललेली नाही. म्हणाले, "रस्ता सरळच जाऊ द्या. झाड एक होतं तेव्हा मी भांडले. आता ते माळभर आहे."

मागून नर्मदाबाई मावशी ओरडल्या, "अन् बारसं कवा हाय?" सगळे हसले.

व्यंकटराव मात्र हसले नाहीत. "अगं पोरी..." एवढंच म्हणून बसले.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

बोरीला यंदा लगडून बोरं आली. शेवटची म्हणून तिला कळलं होतं की काय, असं माय म्हणते. मला तसं काही पटत नाही, छाटणी नीट झाली होती. तरी मायला मी उलट बोलले नाही.

हळदीकुंकू आणि बोरांची टोपली घेऊन सुमनबाई काकूंकडे गेले. पावसातला तो दिवस सोडला तर आखाड्यावर मी लहानपणानंतर पहिल्यांदाच. खिडकीतून धुरा दिसतो, आणि धुऱ्यावर बोर. काकू बाजेवर उशीला टेकून बसल्या होत्या. खाली व्यंकटराव मांडी घालून, पुढ्यात खलबत्ता. आमच्या बोरीची बोरं बिया काढून ठेचत होते. त्यात गुळाचा खडा. चमच्यानं काकूंना भरवत होते, आणि मध्ये मध्ये त्या त्यांच्यावर चिडत होत्या, "बारीक करा की. दात हायेत का मला?"

मला बघून व्यंकटराव उठायला लागले. काकू म्हणाल्या, "बसा. तिच्याच झाडाचं खायलो, तिच्यापासून काय लपवायचं." मग मला म्हणाल्या, "गोळ्यांनी तोंड कडू पडतं बघ. बागंतली बोरं नुसती गोड, त्यानं जात न्हाई. हिच्या आंबटानं जातं. दोन हिवाळे झाले, ह्ये रोज सकाळी जातेत."

रोज सकाळी. रुमाल घेऊन. आणि मी वहीत काय काय लिहून ठेवलं आहे!

"तुला माहीत होतं?" घरी येऊन मायला विचारलं.

"समद्या गावाला माहीत होतं," माय म्हणाली. "तू शिकत होतीस तवा."

१८ जानेवारी

धुऱ्याला लागून ज्यांची ज्यांची रानं आहेत, त्या सगळ्यांना पिशवीतलं एकेक कलम दिलं. रस्त्याच्या कडेला आपापल्या हद्दीत लावायचं, आणि ज्याला काडी हवी त्याला काडी द्यायची, एवढी एकच अट. पंडितभाऊंनी स्वतः खड्डे घेतले. नर्मदाबाई मावशींनी त्यांच्या कलमाला हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "ही माझी बोर!" पंडितभाऊ त्यांच्या कलमाला सरपंच बोर म्हणतात. 'राजेश्री बोर' कोणी म्हणत नाही. थोडं लागलं. मग वाटलं, जिला गावात इतकी नावं पडली तिला माझ्या एका नावाची काय गरज?

सगळ्यात जोमदार कलम काकूंच्या खिडकीसमोर लावलं. खड्डा व्यंकटराव आणि आबांनी मिळून खणला. आबा म्हणाले, "मालक, काठी घेऊन आला होता तवा म्या म्हनलं नव्हतं का, माझ्या शेरडानं तुमचं खाल्लेलं फेडीन?"

"कवा म्हनला होतास?"

"मनात म्हनलं होतं."

व्यंकटराव इतके हसले की आतून काकूंनी काय झालं म्हणून विचारलं. मग त्यांनी कलमावरच्या लाल धाग्याला बोट लावलं आणि मला म्हणाले, "हिला बोरं कवा?"

"पुढच्या संक्रांतीला थोडी. त्याच्या पुढच्या संक्रांतीला काकूंना पुरतील एवढी."

"तवर?"

"तोवर माळावरच्या आहेत. त्यांची मुळं जुनी, त्या लवकर धरतात. मी आणून देईन. रोज सकाळी."

२१ जानेवारी

जेसीबी आज येणार होता. काल दुपारीच मी आबांना कुऱ्हाड मागितली. यंत्रानं ढकलून उलथी पाडलेली मला बघवली नसती. आबा म्हणाले, "मी करतो." मी म्हणाले, "नाही, मी." मायनं बुंध्याला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. चुन्याचा पट्टा अजून होता. पहिले घाव मी घातले, मग आबांनी, मग व्यंकटरावांनी हात पुढे केला. आडवी झाली तेव्हा आवाज फार झाला नाही. फांद्यांवर अजून बोरं होती.

शेळ्या सोडल्या. पाला, शेंडे, उरलेली बोरं, सगळं तासाभरात फस्त. मी धुऱ्यावर बसून बघत होते. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. माळावर जिकडे बघावं तिकडे लाल धागे होते.

आज पहाटे मायच्या आधी उठून मेंढवाडा मी झाडला. बिया निघाल्या, शेळ्यांनी रात्रभर चघळून स्वच्छ केलेल्या, घमेल्याच्या तळाला. सर म्हणाले होते, बी लावू नकोस, हेच झाड येत नाही. मला माहीत आहे. प्रत्येक वेगळं येईल, कितीतरी वाईट येतील, आंबट येतील, नुसते काटेच येतील. बाप कोण तेही कळणार नाही. माशी कुठून कुठे जाते कोणी पाहिलं आहे? पण या वेळी कोणी विचारलं की आई कोण, तर मला सांगता येईल.

जेसीबीचा आवाज ओढ्यापलीकडून यायला लागला, तेव्हा शेवटची पिशवी भरून झाली होती. सगळ्या बिया लावल्या. प्रत्येक पिशवीला एक लाल धागा बांधला.